चालत आला म्हणून

बुधवार, ६ ऑगस्ट २००८

आज परत तेच! तळमजल्याच्या हॉलमध्ये चाळीस जणांना बोलावलं, आले एकोणीस. त्यातल्या सहा जणी चहाची किटली आल्यावर उगवल्या.

विषय — मोठा अपघात झाला, एकदम वीस-तीस जखमी आले, तर आपण काय करायचं. ऑक्टोबरात शहरात मोठ्या स्पर्धा आहेत, बाहेरून पाहुणे येणार, म्हणून सगळ्या हॉस्पिटलांना पत्र — तयारी दाखवा. ते पत्र टेबलाटेबलावरून फिरत माझ्याकडे आलं. कॅज्युअल्टीची इन-चार्ज सिस्टर मी. अठ्ठावीस वर्षं नोकरी. घरी वाट बघणारं कोणी नाही. म्हणजे मीच!

चिठ्ठ्या दाखवल्या. चार रंग. दारातच प्रत्येकाच्या मनगटाला एक बांधायची. लाल — ताबडतोब आत. पिवळी — थोडा वेळ थांबू शकेल. हिरवी — चालतोय, बोलतोय, त्याला बाकावर बसवा. काळी म्हणजे त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. गेलेला, नाहीतर जाणारच असलेला.

एका माणसाला अर्धं मिनिट. एक नवी मुलगी म्हणाली, "सिस्टर, अर्ध्या मिनिटात कसं कळणार?" म्हटलं, नाहीच कळत सगळं. तरी बांधायची.

अख्तरबानू मागच्या रांगेतून — "ताई, रंग पक्के आहेत ना? नाहीतर पहिल्या घामाला सगळेच लाल व्हायचे." सगळ्या हसल्या. कसबा पेठेतली आहे, तोंड बंद राहणं शक्यच नाही. पण चाळीस जणांत मला एकच नर्स निवडायला सांगितली तर हिलाच घेईन.

रविवार, १० ऑगस्ट

जयसिंग आला होता. न सांगता, नेहमीसारखा. पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि हेमाने दिलेली शेंगदाण्याची चटणी. "आक्का, डबा रिकामा दे, न्हायतर पुढच्या खेपेला हातात आनीन चटनी."

आमचं ओढ्याकाठचं रान गेल्या वर्षी बिल्डरला दिलं. तिथे सात मजली इमारत होतेय, त्यात याला दोन फ्लॅट मिळणार. याचं तिथे काम काहीच नाही. तरी रोज सकाळी साइटवर हजर! वाळू बघतो, सळया मोजतो, मिस्त्रीशी वाद घालतो. हेमा मागे म्हणाली होती — "रान व्हतं तवा येवढं जात नव्हते." हेमा त्याची बायको, कमी बोलते, पण बोलते ते नेमकं.

रंगीत तालमीचं सांगितलं. शिकाऊ मुली जखमी होऊन झोपणार, आम्ही त्यांना चिठ्ठ्या बांधणार. पोट धरून हसला. "खोटं खोटं मरायला मानसं मिळत्यात व्हय तुमाला? खरं मरनारी कमी हायेत का?"

नऊ वर्षांनी लहान माझ्यापेक्षा. आई रानात जायची तेव्हा दिवसभर माझ्या कमरेवर. अजून समोर बसला की त्याचा सदरा नीट करावासा वाटतो. पंचेचाळिशीचा बाप्या!

मंगळवार, १९ ऑगस्ट

कोण कुठे उभं राहणार याचा तक्ता तयार केला. चार रात्री घालवल्या त्यावर. लाल विभाग कॅज्युअल्टीत. पिवळा शेजारच्या वॉर्डात. हिरवा — ओपीडीच्या बोळात, बाकांवर. हिरव्यावर अख्तरबानू. तिने दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाची नाडी आणि रक्तदाब बघायचा.

श्यामसुंदर साहेबांकडे घेऊन गेले. ते प्रशासन बघतात. तक्ता वाचला, चष्मा वर केला.

"सिस्टर, जे स्वतःच्या पायांनी आले त्यांना नर्स कशाला? त्यांना चहा द्या. पेपर द्या."

म्हटलं, साहेब, पोटातला रक्तस्राव वरून दिसत नाही. आत्ता चालणारा तासाभरात कोसळतो.

"आणि लालमध्ये माणूस कमी पडलं तर? आपण उत्तर देणार का?"

त्यांनी पेन घेतलं आणि हिरव्यापुढच्या अख्तरबानूच्या नावावर रेघ मारली. तिला लालमध्ये टाकली. आठ नर्स आहेत एका पाळीला, हेही खरंच. कुठून आणायच्या?

मी वाद घातला. पाच मिनिटं. मग घातला नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

झाली तालीम! सकाळी दहाला घंटा. पटांगण दहा मिनिटांत मोकळं. तीस मुली जखमी — कुंकवाचं पाणी, फाडलेल्या ओढण्या, एक तर इतकी सुंदर विव्हळत होती की खरी पेशंट असलेल्या एका आजी रडायला लागल्या. दारात मी. एकोणीस मिनिटांत तीस चिठ्ठ्या. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "या सिस्टरना आमच्याकडे पाठवा शिकवायला." टाळ्या. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला.

नंतर बोळात गेले. हिरव्या चिठ्ठीच्या अकरा मुली असायला हव्या होत्या. सातच! चार जणी कॅन्टीनमध्ये वडापाव खात होत्या. दीड तास गायब — कोणाच्या लक्षात नाही.

अहवालात हे लिहिलं होतं मी. श्यामसुंदर साहेब म्हणाले, "ती भूक होती, सिस्टर, आपत्ती नव्हे." टाइप होऊन आला तेव्हा ते वाक्य नव्हतं. 'सर्व विभागांत पुरेसे कर्मचारी उपस्थित होते.' खाली माझं नाव. पाचच्या आत पाठवायचा होता.

सही केली. थकले होते. आणि खरं सांगायचं तर टाळ्या अजून कानात होत्या. आवडल्या होत्या.

रविवार, १४ सप्टेंबर

विसर्जनाची ड्यूटी. चक्कर आलेले एकवीस, पाय मुरगळलेले चार, हरवलेलं मूल एक — ते माझ्या टेबलावर बसून दोन तास मोदक खात होतं. आई सापडली. पाय सुजलेत.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जयसिंग गेला.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज लिहायचं. नाही लिहिलं तर डोक्यात फिरत राहील आणि फिरता फिरता बदलेल. झालं तसं लिहायचं.

शुक्रवारी पावणेबाराला अग्निशमन दलाचा फोन. बांधकामाचा स्लॅब कोसळलाय, वीस-पंचवीस माणसं, पहिली गाडी निघाली. पत्ता सांगितला. मी लिहून घेतला. लिहून झाल्यावर वाचला, तेव्हा कळलं — हे तर आपलं रान! सातवा स्लॅब भरत होते. खालचा आधार बसला आणि ओलं काँक्रीट माणसांसकट खाली.

मी जयसिंगची चौकशी केली नाही. वेळ नव्हता असं म्हणता येईल. खरं म्हणजे धीर झाला नाही.

घंटा वाजवली. आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आठ मिनिटांत पटांगण मोकळं. तालमीपेक्षा दोन मिनिटं कमी! ट्रॉल्या रांगेत, सलाइन टांगलेली, ज्याची त्याची जागा ज्याला त्याला पाठ. माझ्या खांद्याला चिठ्ठ्यांची पिशवी.

माणसं ओळखू येत नव्हती. सिमेंटने सगळी एकाच रंगाची. बायका कोण, पुरुष कोण, ओरडण्यावरून कळत होतं. पहिल्या गाडीतून सहा. लाल, लाल, पिवळी, काळी, पिवळी, लाल. दुसऱ्या गाडीत एकाचा श्वास चालू होता. म्हणजे — मधूनच एखादा. डोक्याचं मी लिहीत नाही. त्याच्यापाशी वाकले, परत एकदा बघितलं, आणि काळी बांधली. पुढे गेले. त्याचा हात गरम होता.

तिसरा एक टेम्पो. त्यातून जयसिंग उतरला. चालत. एका मजुराला खांद्यावर आधार देऊन. मला बघून हसला. दात तेवढे पांढरे.

"आक्का, मला काय न्हाय झालं. ह्येला बघ आदी. ह्येचा पाय गेलाय."

"तू कुठे होतास?"

"खालीच. बांबू बसला जरा बरगडीला. काय न्हाय."

बरगडीला. हे तो म्हणाला. मी ऐकलं. म्हटलं, श्वास घे. घेतला. नाडी बघितली. जलद होती, पण त्या दिवशी कोणाची नव्हती? चालतोय, बोलतोय, हसतोय. हिरवी बांधली. वर वेळ लिहिली — बारा दहा. "बोळात जाऊन बस. हलू नकोस."

"बरं बाई."

मनात काय आलं तेही लिहायला हवं. सुटले, असं वाटलं. जीव भांड्यात पडला. आणि अजून एक — पिवळी बांधावी असं क्षणभर आलं होतं. बरगडी म्हणाला म्हणून. पण घरचा माणूस म्हणून पुढे घेतला, असं कोणी म्हणायला नको! हे आलं मनात. मला शपथेवर विचारलं तर मी हेच सांगेन.

पुढे एक तास चाळीस मिनिटं मी त्याच्याकडे गेले नाही. तेवीस माणसं. लाल पाच, पिवळी सहा, हिरवी नऊ, काळी तीन. एका बाईचा हात वाचवायचा होता. एका मुलाच्या छातीत नळी टाकायची होती. अख्तरबानूने ती टाकायला मदत केली, तो मुलगा आज बसून पेज प्यायला. त्या बोळात कोणी नव्हतं. नऊ माणसं आणि एक पाण्याचा पिंप. तिकडून दोनदा कोणीतरी जाता जाता बघितलं — जयसिंग उठून बाकीच्यांना पाणी देत होता म्हणे. हलू नकोस सांगितलं होतं. पण तो कधी ऐकतो!

दर पंधरा मिनिटांनी. बारा पंचवीस, बारा चाळीस, बारा पंचावन्न, एक दहा, एक पंचवीस, एक चाळीस. सहा वेळा कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहून त्याचा हात हातात घ्यायला हवा होता. एकदाही नाही.

एक पन्नासला वॉर्डबॉय हिंदुराव मामा धावत आले. "सिस्टर, तुमचे भाऊ बाकावरून घसरलेत."

ओठ पांढरे. पोट फळीसारखं कडक. रक्तदाब लागेना. मीच ट्रॉली ढकलली. लिफ्टमध्ये डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होता. टेबलावर घेतला. बरगडीखालची प्लीहा फुटली होती. दोन पस्तीसला संपलं.

सर्जन बाहेर आले, टोपी काढली. "सिस्टर, तासभर आधी जर —" आणि थांबले. फार चांगले डॉक्टर आहेत. ते वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. मी रोज करते.

मनगटावरची चिठ्ठी मी सोडवली. गाठ घट्ट होती. माझ्याच हातची.

बुधवार, २४ सप्टेंबर

पेपरात आलंय — 'हॉस्पिटलच्या तत्परतेमुळे एकोणीस जणांचे प्राण वाचले.' फोटो जुना. तालमीचा! त्यात मी दारात उभी, कुंकू लावलेल्या मुलीला चिठ्ठी बांधतेय. हसतेय.

गावातल्या घरी आहे. आई दोन दिवस बोललीच नव्हती. पंचाहत्तरी उलटली तिची. आज तिला भाताची पेज भरवत होते. माझा हात धरला आणि म्हणाली, "तू व्हतीस ना गं तितं?"

एवढंच. रागाने नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तिच्या लेखी मी जिथे असते तिथे कोणी मरत नाही.

होते, म्हटलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

काही नाही. झोप नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

तेरावा झाला. पंगती उठल्या, भावकी गेली.

हेमा माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवसापासून. तेव्हा वाटलं, कोणाशीच बोलत नसेल. तसं नाही. जावांशी बोलते, आईला औषध देते, बिल्डरचा माणूस आला तर त्याला पदर सावरून नीट उत्तरं दिली. पोरं दोन्ही मला चिकटून असतात, धाकटा रात्री माझ्याजवळ झोपतो. फक्त ती. मी खोलीत गेले की उठते. आज मी चहा नेऊन दिला, तिने कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. निवून साय आली त्यावर.

निघताना म्हटलं, हेमा, येते गं. तिने मान वर केली. माझ्याकडे बघता बघता तोंड असं काही वेडंवाकडं झालं — आणि आत निघून गेली.

बरोबर आहे तिचं. नवरा चालत माझ्या दारात आला होता. माझ्या! दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात गेला असता तर कदाचित कोणीतरी अनोळखी माणसाने पोटाला हात लावून बघितला असता.

शनिवार, ४ ऑक्टोबर

कामावर रुजू.

अख्तरबानू ड्यूटी संपल्यावर थांबली. नेहमी बोलून मोकळी होणारी पोरगी, दहा मिनिटं नुसती हातमोज्यांच्या खोक्याशी खेळत बसली.

"ताई, मी गेले होते त्या बोळातून. रक्ताच्या पिशव्या आणायला. दोनदा. ते एका म्हाताऱ्याला पाणी पाजत होते. मला वाटलं, कोणाचे तरी नातेवाईक आहेत. चिठ्ठी बघितलीच नाही मी."

मग म्हणाली, "माझं नाव होतं ना तिथे? आधीच्या तक्त्यात?"

होतं, म्हटलं.

रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझी काही चूक नाही म्हटलं. मलाही सगळे हेच म्हणतात. कानावर पडतं आणि खाली सांडतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

श्यामसुंदर साहेबांनी बोलावलं. दसऱ्याला विश्वस्तांच्या हस्ते माझा सत्कार ठरलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. 'आपत्तीच्या प्रसंगी वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून' वगैरे. मानपत्राचा मजकूर छापूनही झालाय!

मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. रविवारी लिहिला होता. विश्वस्तांच्या नावे. 'हिरव्या विभागात एकही कर्मचारी नव्हता. २३ ऑगस्टच्या तालमीतच ही उणीव दिसली होती. मला ती माहीत होती. तरीही अहवालावर मी सही केली.' चार ओळी. खाली नाव.

वाचला त्यांनी. दोनदा. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील. त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का.

"यात माझं नाव नाही."

"नाही."

"रेघ मी मारली होती."

"सही माझी आहे, साहेब."

चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच बघितलं त्यांना बिनचष्म्याचं — म्हातारे दिसतात. म्हणाले, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. चौकशी लागेल. हे मागे घ्या. माणूस काही परत येणार नाही."

म्हटलं, पुढचा येईल ना. चालत.

सत्काराला मी नाही म्हणाले. शाल हिंदुराव मामांना द्या म्हटलं, त्यांनीच तर उचलला त्याला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दसरा. सत्कार झाला. मामांचा. बिचारे फार लाजले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चौकशी. तीन जण, लांब टेबल, पाण्याचे ग्लास झाकलेले. मला वाटलं होतं ओरडतील. उलट फार गोड बोलले. "सिस्टर, आपण दुःखात आहात." "आपण स्वतःला दोष देऊ नये." "तालमीतल्या त्या मुली तर खायला गेल्या होत्या ना?"

सांगितलं — माझा भाऊ खायला गेला नव्हता. बाकावर बसला होता. बोळ तोच.

एक जण म्हणाले, नियमाप्रमाणे हिरवी चिठ्ठी बरोबर होती का? म्हटलं, हो. बांधताना बरोबर होती. अर्ध्या तासाने चुकीची झाली. ती चुकीची झाली हे बघायला माणूस लागतो.

मग श्यामसुंदर साहेबांना विचारलं. ते बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत होते. आणि म्हणाले, "तक्त्यातलं नाव मी खोडलं. सिस्टरनी विरोध केला होता." मान वर न करता. मी त्यांच्याकडे बघितलं. मला त्यांच्याबद्दल काय वाटलं पाहिजे ते कळेना.

निकाल असा — 'यंत्रणेतील त्रुटी.' शिक्षा कोणालाच नाही. आणि यापुढे हिरव्या विभागात दोन नर्स.

मागितली होती एक. मिळाल्या दोन. जयसिंग गेल्यावर दोन.

घरी येऊन कितीतरी वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिले. वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की हलकं वाटेल. कसलं हलकं!

गुरुवार, ३० ऑक्टोबर

भाऊबीज. ड्यूटी मागून घेतली. दोन पाळ्या.

रविवार, २ नोव्हेंबर

गावी जाऊन आले. आईचे पाय चेपले. पोरांचे अभ्यास घेतले. हेमा मी असेपर्यंत मागच्या गोठ्यात होती. गोठ्यात आता एक म्हैसही नाही! नुसती उभी होती. खिडकीतून दिसली. हाक मारणार होते. नाही मारली.

तिने मला चार शिव्या द्याव्यात. घरातून हाकलावं. मी सहन करेन. हे असं बघून न बघणं —

गुरुवार, ६ नोव्हेंबर

परत तालीम. या वेळी आले बेचाळीस! चहाच्या आधी.

दारात मला उभं केलं होतं. पहिली मुलगी आली — गोरटेली, कपाळाला कुंकवाचं पाणी, खुदकन हसत म्हणाली, "सिस्टर, मी हिरवी आहे, मला चालता येतंय." मी चिठ्ठी काढली. तिचं मनगट धरलं. आणि पुढे काही सुचेना. गाठ कशी मारायची तेच आठवेना. मागे रांग थांबली. अर्धं मिनिट झालं, एक झालं. सगळे बघतायत.

अख्तरबानू आली. हातातून पिशवी काढून घेतली, हळूच. "ताई, तुम्ही बोळात बसा. मी बघते इथलं." आणि मागे वळून त्या पोरीला — "हसायला काय झालं गं? आडवी हो!"

बोळात बसले. हिरव्या चिठ्ठीच्या बारा मुली. दर पंधरा मिनिटांनी उठून एकेकीची नाडी बघितली. सगळ्यांचे हात तरुण, गरम. कॅन्टीनला जाऊ का, एकीने विचारलं. नाही म्हटलं. बस. हलू नकोस. आवाज इतका मोठा लागला की ती पोरगी दचकली.

शेवटी मोजल्या. बारा.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुपारी बेल वाजली. दारात हेमा. एकटी. रिक्षाने आलेली, चपला हातात — एकीचा अंगठा तुटलेला. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या घरी एकटी कधी आली नव्हती.

आत आली. खुर्ची दिली तरी खालीच बसली. मी समोर बसले. म्हटलं, आता बोलेल. जे बोलायचं ते बोलू दे.

"वन्सं, त्यांनी मला फोन केला व्हता. बाकावरनं."

मला कळेना.

"साडेबाराला. म्हनले, पोटात लई कळ मारतीया. आक्काला सांगू का? तर मीच म्हनले — नका सांगू. त्यांच्या हाताखाली मरायला टेकलेली मानसं आसतील. तुमी घरचे. गप बसून ऱ्हावा, घरी आल्यावर शेक देते." मग, "तुमच्या तोंडाकडं कसं बगू मी?"

पन्नास दिवस. पन्नास दिवस हे पोटात घेऊन तिने आईला औषध दिलं, पंगती वाढल्या, रिकाम्या गोठ्यात उभी राहिली.

तुझी काही चूक नाही — ओठांवर आलं होतं. गिळलं. सरकून तिच्याजवळ गेले, आणि म्हटलं, हेमा, आज इथंच राहा.

राहिली आहे.